अस्सल बरहुकूम नक्कल : पेन ड्राइव्हवरील फाइली कां बिघडतात?

सरकारी कचेरींतून जुन्या दस्तऐवजाची नक्कल मागविली, म्हणजे तिच्या खालीं ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा व सही असते. त्या शेऱ्याचा अर्थ असा, कीं कोणी तरी जबाबदार मनुष्यानें मूळ कागद व नक्कल शेजारीं ठेवून ओळीस ओळ ताडून पाहिली आहे. संगणकावरून पेन ड्राइव्हवर एखादी फाइल उतरवितांना असा शेरा कोणीच मारीत नाहीं. पडद्यावरील पट्टी भरत जाते, पूर्ण होते व नाहींशी होते. आणि आपण समजतों, कीं नक्कल झाली. वास्तविक त्या पट्टीनें ‘अक्षरें पाठविलीं’ एवढेंच सांगितलेलें असतें. तीं पोहोंचलीं काय, जशींच्या तशीं लिहिलीं गेलीं काय, व उद्यां वाचतां येतील काय, ह्याविषयीं ती कांहींएक बोललेली नसते.

ही गोष्ट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस नीट समजावून सांगावी, असें आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होतें. हल्लीं विद्यार्थी आपला प्रकल्प घरच्या संगणकावर तयार करतात, तो पेन ड्राइव्हवर घेतात, झेरॉक्सच्या दुकानांत नेऊन छापतात, व शेवटीं शाळेच्या संगणकावर उघडूं पाहतात. ह्या प्रवासांत केव्हां तरी फाइल उघडेनाशी होते. ‘सर, घरीं उघडत होती,’ असें मुलगा सांगतो, आणि ही सबब आहे असें शिक्षकांस वाटतें. कधीं ती सबब असतेही. परंतु पुष्कळदां मुलगा खरें बोलत असतो, आणि दगा दिलेला असतो तो त्याच्या हातांतील वस्तूनें. खरें काय तें ठरविण्याची रीत आहे. ती कठीण नाहीं, व तीस पैसाही लागत नाहीं. तीच ह्या लेखांत सांगावयाची आहे.

१. पेन ड्राइव्हच्या पोटांत काय असतें?

दोष शोधण्यापूर्वीं वस्तूची रचना ठाऊक असावी. पेन ड्राइव्हच्या आवरणांत दोन मुख्य भाग असतात. एक, माहिती सांठविणारी फ्लॅश स्मृतीची चिप. व दुसरा, तिच्यावर देखरेख करणारी नियंत्रक चिप. फ्लॅश स्मृतीचा शोध जपानांतील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका ह्यांनीं लाविला. १९८४ सालीं त्यांनीं ती प्रथम जगापुढें मांडली, आणि पेन ड्राइव्हमध्यें जी वापरतात ती नँड नांवाची तिची जात १९८७ सालीं पुढें आली. १९९६ सालीं यूएसबी नांवाची जोडणी ठरविण्यांत आली, व २००० सालीं ह्या दोहोंच्या संयोगानें पेन ड्राइव्ह बाजारांत आला. सिंगापूरची ट्रेक व इस्राएलची एम-सिस्टिम्स ह्या कंपन्या त्याच्या पहिल्या निर्मात्यांपैकीं होत.

फ्लॅश चिपमध्यें कोट्यवधि सूक्ष्म खण असतात. प्रत्येक खणांत विजेचा अत्यल्प भार कोंडून ठेवितां येतो, आणि वीज बंद झाली तरी तो तेथेंच राहतो. पूर्वींच्या खणांत ‘भार आहे’ किंवा ‘नाहीं’ एवढ्या दोनच अवस्था ओळखावयाच्या असत, व त्यांवरून एक बिट ठरे. जागा वांचविण्यासाठीं पुढें एकाच खणांत तीन बिट ठेवूं लागले. तीन बिटांसाठीं भाराच्या आठ पायऱ्या ओळखाव्या लागतात. कांचेच्या एकाच पेल्यावर दोन खुणांऐवजीं आठ खुणा काढल्या, तर थोडें पाणी कमी झालें असतांही मोजणारा चुकूं शकेल. तशीच गोष्ट येथें होते. भार किंचित् गळाला, तर पायरी बदलते व लिहिलेलें अक्षर निराळें वाचलें जातें.

शिवाय हे खण झिजतात. एका खणांत एकच बिट ठेवणारी जुनी जात सुमारें एक लक्ष वेळां पुसून लिहितां येई. तीन किंवा चार बिटांच्या हल्लींच्या जातींची हीच मर्यादा कांहीं शें ते कांहीं हजार वेळांची असते. म्हणून नियंत्रक चिप ही कोठारावरील कोठावळ्यासारखी असते. कोणता खण किती झिजला हें ती पाहते, लिखाण सर्व खणांत सारखें वांटते, निकामी खण बाजूस काढते, व प्रत्येक मजकुराबरोबर दुरुस्तीचे कांहीं जादा आंकडे लिहून ठेवून लहानसहान चुका वाचतांनाच सुधारते. कोठावळा हुशार व प्रामाणिक असेल, तर खण थोडे चुकार असले तरी आपणांस पत्ताही लागत नाहीं. कोठावळाच खोटा असेल तर काय होतें, तें पुढें येईलच.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावयास पाहिजे. फ्लॅश स्मृतींत लिहिणें एकेका पानावर होतें, परंतु पुसणें मात्र शेंकडों पानांचा एक ठोकळा करूनच होतें. त्यामुळें नवी फाइल लिहितांना कोठावळ्यास जुना मजकूर ह्या ठोकळ्यांतून त्या ठोकळ्यांत हलवावा लागतो. ह्या हलवाहलवींत वीज तुटली, तर चालू फाइलच नव्हे, तर महिन्यापूर्वीं ठेविलेली दुसरी फाइलही बिघडूं शकते. ‘मीं तिला हातही लाविला नव्हता,’ असें विद्यार्थी म्हणतो, तें कित्येकदां अक्षरशः खरें असतें.

२. बिघाड खरोखर झाला आहे काय?

फाइल उघडत नाहीं किंवा नीट दिसत नाहीं, एवढ्यावरून ती बिघडली असें ठरत नाहीं. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत तीन गोष्टी बिघाड नसून बिघाडासारख्या दिसतात.

पहिली मराठी टंकांची. श्रीलिपि, कृतिदेव इत्यादि जुन्या टंकांत लिहिलेल्या फाइलींत मराठी अक्षरें मराठी म्हणून सांठविलेलीं नसतात. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले असतात. ज्या संगणकावर तो टंक नाहीं, तेथें निबंधाच्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. मजकूर शाबूत असतो. केवळ त्याचा पोशाख हरवलेला असतो. युनिकोड पद्धतीनें टंकलेखन केलें असतां ही अडचण येत नाहीं.

दुसरी गोष्ट विषाणूची. अनेकांचे पेन ड्राइव्ह दिवसभर जेथें लागतात, अशा संगणकावरून एक प्रकारचा उपद्रवी प्रोग्राम येतो. तो खऱ्या फाइली लपवून त्यांच्या जागीं त्याच नांवाचे शॉर्टकट ठेवितो. त्यांवर टिचकी मारूं नये. प्रथम विषाणुनाशक प्रोग्राम चालवावा, व नंतर लपलेल्या फाइली दाखविण्याची सोय चालू करून पाहावें. फाइली बहुधा जागच्या जागीं सांपडतात.

तिसरी गोष्ट मापाची. फॅट३२ पद्धतीनें आंखलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाहीं, मग मोकळी जागा कितीही असो. येथें संगणक तसें स्पष्ट सांगतो व नक्कल करण्याचें नाकारतो. हाही बिघाड नव्हे. एक्सफॅट पद्धतीनें आंखणी केली म्हणजे काम भागतें.

ह्या तिन्ही गोष्टी नसतील, आणि घरीं नीट उघडणारी फाइल नक्कल केल्यावर अर्धवट, रिकामी किंवा विकृत निघत असेल, तर बिघाडाचा संशय धरून पुढील तपासणी करावी.

३. ताळा पाहणें

आपल्या आजोबांच्या वेळचे विद्यार्थी गुणाकार केला, कीं नवाचा ताळा पाहत. ३४७ ला २६ नीं गुणिलें तर ९०२२ येतात. आतां ३, ४ व ७ ह्यांची बेरीज १४, व तिच्यांतील आंकड्यांची ५. २ व ६ ह्यांची ८. पांचा आठां ४०, म्हणजे ४. इकडे ९, ०, २ व २ ह्यांची बेरीज १३, म्हणजे ४. दोन्हीकडे ४ आले; ताळा जमला. पुन्हां सगळा गुणाकार न करतां चूक पकडण्याची ही युक्ति होती.

परंतु हा ताळा दुबळा आहे. कोणी ९०२२ च्या जागीं चुकून ९२०२ लिहिलें, तरीही बेरीज १३ च येते व चूक निसटते. संगणकासाठीं गणितज्ञांनीं ह्याहून फार बळकट ताळे तयार केले आहेत. त्यांपैकीं एसएचए-२५६ नांवाचा ताळा आज सर्वत्र चालतो. फाइल दोन ओळींची असो कीं दोन तासांच्या चित्रपटाची असो, तिच्यापासून ६४ चिन्हांचा एक ठसा निघतो. फाइलींतील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार निराळा येतो. म्हणून मूळ फाइलीचा ठसा व नकलेचा ठसा जुळला, तर ती नक्कल अस्सल बरहुकूम आहे, असें खुशाल समजावें.

हा ठसा काढण्याचें साधन प्रत्येक संगणकांत आधींच असतें. विंडोजमध्यें ‘सर्टयुटिल’ ह्या आज्ञेला ‘हॅशफाइल’ हा पर्याय द्यावयाचा, मग फाइलीचें नांव, व शेवटीं ‘एसएचए२५६’ असें लिहावयाचें. लिनक्समध्यें ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा आहे. आज्ञा अर्थात् रोमन लिपींत लिहावयाच्या. एकदां शिक्षकांकडून पाहून घेतलें, तर इयत्ता आठवींतील मुलगाही हें काम सहज करील.

मात्र येथें एक मोठी फसगत होते, ती अवश्य टाळावी. नक्कल केल्याबरोबर लगेच ताळा पाहिला, तर तो बहुधा जमतोच. कारण नुकताच पाठविलेला मजकूर संगणकाच्या स्वतःच्या स्मृतींत शिल्लक असतो, व तो पेन ड्राइव्ह न वाचतां आपल्याच स्मृतींतून उत्तर देतो. विद्यार्थ्यानें आपला पेपर आपणच तपासावा, तसा हा प्रकार आहे. ह्यासाठीं नक्कल झाली, कीं ‘इजेक्ट’ ही आज्ञा देऊन पेन ड्राइव्ह रीतसर बाहेर काढावा, पुन्हां लावावा, व मगच ठसा काढावा. दुसऱ्या संगणकावर काढला तर अधिक उत्तम.

४. दोष कोणाचा?

ताळा जमला नाहीं, म्हणजे कोणी तरी दोषी आहे एवढें सिद्ध झालें. परंतु दोषी कोण? संशयित चार आहेत : पेन ड्राइव्ह, तो लावण्याची खांच किंवा मधली तार, संगणक, व स्वतः मूळ फाइल. विज्ञानाच्या प्रयोगांत आपण एका वेळीं एकच गोष्ट बदलतों, बाकीच्या तशाच ठेवितों. तोच नियम येथें लागू करावा. सगळेंच एकदम बदललें, तर तक्रार नाहींशी होईल, पण कारण कळणार नाहीं, व तक्रार पुन्हां येईल.

प्रयोगासाठीं एक-दोन जीबीची एखादी मोठी फाइल घ्यावी. लहान फाइलींत चूक सांपडण्याचा संभव कमी. प्रथम मूळ फाइलीचाच ठसा दोनदां काढावा. मध्यें संगणक बंद करून चालू करावा. एकाच फाइलीचे दोन वेळां दोन ठसे आले, तर बिचाऱ्या पेन ड्राइव्हकडे बोट दाखविण्याचें कारण नाहीं. संगणकाची स्मृति किंवा त्याची तबकडी सदोष आहे.

ठसा कायम राहिला तर पुढें जावें. त्याच संगणकावर तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या खांचेंत, मधली तार किंवा विस्तारक काढून, लावून पाहावा. टेबलावरील संगणकाच्या मागील बाजूची खांच ह्या कामास चांगली. नंतर तोच पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावावा. शेवटीं पहिल्या संगणकावर खात्रीचा दुसरा पेन ड्राइव्ह लावावा. प्रत्येक प्रयोग निदान तीनदां करावा, कारण कित्येक दोष लपंडाव खेळतात. निकाल वहींत लिहून ठेवावे.

आतां अनुमान सोपें आहे. जेथें जावें तेथें दोष पेन ड्राइव्हच्या पाठोपाठ गेला, तर दोष पेन ड्राइव्हचा. पेन ड्राइव्ह कोणताही असो, दोष एकाच संगणकावर दिसला, तर तो संगणकाचा. खांच किंवा तार बदलतांच दोष गेला, तर तो जोडणीचा. ह्या शेवटल्याविषयीं इतकें सांगावें, कीं यूएसबी तारेंतून जाणाऱ्या मजकुराच्या प्रत्येक पुडक्याबरोबर एक छोटा ताळा जातोच. तो जमला नाहीं तर पुडकें पुन्हां मागविलें जातें. म्हणून वाईट तार बहुधा बोभाटा करून बिघडते : पेन ड्राइव्ह मध्येंच तुटतो, पुन्हां जोडला जातो, नक्कल अडते. मुकाट्यानें बिघडविणारा दोष बहुधा पेन ड्राइव्हच्या किंवा संगणकाच्या पोटांत असतो.

५. चार प्रमुख कारणें

(अ) घाई. संगणक वेग दिसावा म्हणून कांहीं मजकूर आपल्या स्मृतींत धरून ठेवितो व सवडीनें पेन ड्राइव्हवर उतरवितो. पट्टी नाहींशी झाली तरी लिखाण चालू असूं शकतें. २०१८ सालच्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून विंडोजनें ही उधारी पेन ड्राइव्हपुरती कमी केली. परंतु लिनक्समध्यें ती आहे, आणि कोठावळ्याची आंतली हलवाहलव तर सर्वत्रच आहे. ‘इजेक्ट’ची आज्ञा देऊन ‘आतां काढावयास हरकत नाहीं’ असें उत्तर येईपर्यंत थांबणें, हा ह्यावर एकमेव व बिनखर्ची उपाय होय.

(आ) खोटें माप. पालकांनीं हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. बाजारांत व ऑनलाइन दुकानांत ५१२ जीबी किंवा एक टीबी असें छापलेले पेन ड्राइव्ह कांहीं शें रुपयांस मिळतात. त्यांच्या आंत कित्येकदां ८ किंवा १६ जीबीचीच चिप असते, आणि नियंत्रक चिपला खोटें बोलावयास शिकविलेलें असतें. संगणकानें विचारिलें, कीं ‘जागा किती?’, तर कोठावळा सांगतो, ‘५१२’. खरी जागा भरेपर्यंत सर्व सुरळीत चालतें. नंतर आलेला माल तो सरळ फेंकून देतो, किंवा आधींच्या मालावर ओततो. पण पावती मात्र दरवेळीं देतो. फाइलींच्या नांवांची यादी आरंभींच्या भागांत असते, म्हणून नांवें दिसतात, मापें बरोबर दिसतात. उघडावयास गेलें म्हणजे आंत शून्य.

आमच्या परिचयाच्या एका विद्यार्थ्यानें आपल्या आजीकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेऊन त्यांच्या २३ चित्रफिती मोबाइलवर उतरविल्या होत्या. मोबाइलमधील जागा संपली, तेव्हां घरांतील छायाचित्रें व ह्या चित्रफिती स्वस्तांत घेतलेल्या एका मोठ्या मापाच्या पेन ड्राइव्हवर ठेवून त्यानें मोबाइल रिकामा केला. महिन्यानें पाहतां पहिल्या ९ चित्रफिती तेवढ्या चालूं शकल्या. बाकीच्या १४ नुसतीं नांवें होत्या. घरांत सर्वांनीं मुलालाच बोल लाविला, कीं ‘तूंच कांहीं तरी पुसलें असशील.’ पेन ड्राइव्ह तपासला, तेव्हां त्याची खरी जागा ८ जीबीहून कमी भरली, आणि मुलावरील आळ गेला. आजी हयात होत्या. त्यांनीं नातवासाठीं पुन्हां ओव्या म्हटल्या. परंतु सगळ्याच कांहीं त्यांस पुन्हां आठवल्या नाहींत.

ह्या लबाडीची परीक्षा अशी : नवा पेन ड्राइव्ह आणला, कीं त्यावर कांहीं ठेवण्यापूर्वीं तो कांठोकांठ भरून परत वाचावा. हें काम करणारे दोन मोफत प्रोग्राम प्रसिद्ध आहेत : विंडोजसाठीं ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ व लिनक्ससाठीं ‘एफ-थ्री’. ते ज्ञात मजकूर लिहितात, तो सर्व वाचून ताळा पाहतात, व खरें माप सांगतात. वेळ मात्र लागतो. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह सेकंदास १० एमबी ह्या वेगानें लिहीत असेल, तर नुसतें भरावयासच ६,४०० सेकंद, म्हणजे पावणेदोन तासांहून अधिक लागतील. रात्रीं लावून ठेवावा. एक खुलासा येथेंच करणें बरें. ६४ जीबीचा खरा पेन ड्राइव्हही विंडोजमध्यें सुमारें ५९.६ जीबी दाखवितो. ही लबाडी नव्हे; कारखानदार एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतो, व विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतें, एवढाच फरक.

(इ) झीज व वय. वर्षानुवर्षें वापरलेल्या पेन ड्राइव्हचे खण थकतात. तसेंच कपाटांत न लावतां पडलेल्या पेन ड्राइव्हमधील भारही हळूहळू गळतो. उष्णतेनें तो अधिक लवकर गळतो. नकलेचा वेग एकाएकीं मंदावणें, कांहीं फाइली वाचतांना अडकणें, नव्या फाइली लिहूं न देणें, हीं म्हातारपणाचीं लक्षणें होत. त्यावर औषध नाहीं.

(ई) संगणकाची सदोष स्मृति. हें कारण विरळा, पण सर्वांत घातकी. पेन ड्राइव्हवर जाणारा प्रत्येक बाइट संगणकाच्या रॅम स्मृतींतून जातो. तींतील एक खण जरी खराब असला, तरी कांहीं फाइली बिघडूं शकतात, व त्याही कोठें एखादें अक्षर बदलून. दोष पेन ड्राइव्हवर लादला जातो, नवा आणला जातो, व तोही बिघडतो. संशय संगणकाकडे वळला असेल, तर विंडोजमधील ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ अथवा ‘मेमटेस्ट’ प्रोग्राम रात्रभर चालवावा. एकही चूक दिसली, तरी ती स्मृतिपट्टी बदलेपर्यंत त्या संगणकावर महत्त्वाचें काम करूं नये.

६. बिघाड सांपडल्यावर काय करावें?

पहिला नियम : त्या पेन ड्राइव्हवर आणखी कांहींही लिहूं नये. हरवलेली फाइल पुष्कळदां खणांत असते, फक्त यादींतून तिचें नांव गेलेलें असतें. नवा मजकूर तिच्यावर पडला, कीं ती खरीच गेली. जें वाचतां येतें तें सर्व प्रथम दुसरीकडे उतरवून घ्यावें. यादींत नसलेल्या फाइली शोधण्यासाठीं ‘फोटोरेक’ नांवाचा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. सांपडलेल्या फाइली मात्र दुसऱ्या तबकडीवर ठेवाव्या.

दुसरा नियम : दुरुस्तीची आज्ञा त्यानंतर द्यावी, आधीं नव्हे. विंडोजमधील ‘चेकडिस्क’ ही आज्ञा फाइलींची यादी व आंखणी सुधारते. फाइलींतील बिघडलेला मजकूर ती परत आणीत नाहीं, व यादी जुळवितांना कांहीं तुकडे टाकूनही देते. पुस्तकाची अनुक्रमणिका सुधारल्यानें वाळवीनें खाल्लेलीं पानें परत येत नाहींत, हें ध्यानांत असूं द्यावें.

तिसरा नियम : सर्व माल वांचविल्यावर पेन ड्राइव्ह नव्यानें आंखावा, व तो ‘क्विक’ पद्धतीनें नव्हे, तर पूर्ण पद्धतीनें. नंतर कांठोकांठ भरण्याची परीक्षा घ्यावी. उत्तीर्ण झाला तर वापरावा. नापास झाला तर आणखी एक संधि द्यावी. दुसऱ्यांदा नापास झालेला पेन ड्राइव्ह फेंकून द्यावा. तो धाकट्या भावाला ‘खेळावयास’ किंवा मित्राला भेट म्हणून देऊं नये. खोट्या मापाचा निघाला, तर तपासणीच्या निकालासह दुकानदाराकडे परत करावा व पैसे मागावे.

पेन ड्राइव्ह हें वाहन आहे, कोठार नव्हे. टांग्यांतून धान्य आणावें, पण टांग्यांत सांठवूं नये. प्रकल्प, प्रमाणपत्रें, सात-बाराच्या उताऱ्यांचीं चित्रें, दवाखान्याचे अहवाल, घरांतील वडील माणसांचे आवाज, ह्यांच्या निदान दोन प्रती दोन निरनिराळ्या जागीं असाव्या, व पेन ड्राइव्हवरील प्रत ह्या दोहोंत धरूं नये. आणि नकलेचा ताळा जमेपर्यंत मूळ फाइल पुसूं नये. वर सांगितलेल्या ओव्या गेल्या, त्या पेन ड्राइव्ह खोटा होता म्हणून, हें खरें; पण मूळ चित्रफिती दोन दिवस मोबाइलवर राहिल्या असत्या, तर त्याच्या खोटेपणानें कांहींच बिघडलें नसतें.

शिक्षकांस व पालकांस आमची एवढीच विनंती आहे, कीं मुलानें ‘फाइल उघडत नाहीं’ म्हणून सांगितलें, तर रागावण्यापूर्वीं त्याच्याबरोबर बसून ताळा पाहावा. तो खोटें बोलत असेल तर तेंही त्यांत कळेल. खरें बोलत असेल, तर त्याला खरेपणाचें फळ शिक्षा म्हणून मिळणार नाहीं. ह्या मे महिन्याच्या सुट्टींत प्रत्येक विद्यार्थ्यानें घरांतील एक तरी पेन ड्राइव्ह, त्यावरील माल दुसरीकडे उतरवून, वरील रीतीनें तपासावा, आणि निकाल वहींत मांडून जून महिन्यांत शाळा उघडतांच आम्हांस दाखवावा. वह्या आम्ही आनंदानें पाहूं.